भाकरी आणि बैठका : ग्रामीण आरोग्याचा नवा हिशेब

महाराष्ट्रातील खेड्यांच्या दैनंदिन जीवनात गेल्या अर्धशतकात जे बदल घडून आले, त्यांपैकी बहुतेक स्वागतार्ह होत. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, जात्याच्या जागी पिठाची गिरणी आली, नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली आणि शेताकडे जाणारी पायवाट मोटारसायकलची झाली. पहाटे उठून दोन पायल्या जोंधळे दळणाऱ्या स्त्रीचे कष्ट ज्यांनी पाहिले आहेत, ते जाते परत आणावे असे कधीही म्हणणार नाहीत. परंतु या कष्टांबरोबर शरीराला मिळणारी एक गोष्टही नकळत निघून गेली आणि त्याच काळात ताटातील धान्यही बदलले. या दोन्ही बदलांचा परिणाम आता प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांत उमटू लागला आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने देशातील सर्व राज्यांत केलेल्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. शहरी भागात त्याचे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. हे आकडे वाचून खेडी अजून सुरक्षित आहेत असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि त्याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. रक्तातील साखर वाढलेली, पण अद्याप मधुमेहाच्या पातळीला न पोहोचलेली अशी जी मधुमेहपूर्व अवस्था असते, तिचे प्रमाण शहरात १५.४ टक्के आणि खेड्यात १५.२ टक्के होते. म्हणजे उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांच्या बाबतीत शहर आणि खेडे यांत भेद उरलेला नाही. या अवस्थेतील मनुष्य अद्याप रोगी झालेला नसतो. त्याला मागे वळवता येते आणि त्यासाठी लागणारी साधने फारशी खर्चाची नाहीत.

स्नायूंचे कोठार

जेवणातील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन साखर रक्तात येते. ती साठविण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे हातापायांचे व पाठीचे स्नायू होत. कोठारात जागा असेल तर साखर तेथे सहज सामावते. कोठार कायम भरलेलेच असेल तर ती रक्तात रेंगाळते, काही भाग यकृताकडे वळून त्याची चरबी होते, आणि इन्सुलिन या संप्रेरकाचा प्रभाव हळूहळू कमी होत जातो. खुर्चीत किंवा दुचाकीवर दिवस घालविणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमके हेच घडते. तो जेवतो पूर्वीइतकेच, पण कोठार रिकामे करण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही.

सावकाश चालण्याने या कोठारातील साठा थोडाथोडा वापरला जातो. जोराच्या श्रमाने तो झपाट्याने वापरला जातो आणि एरवी निष्क्रिय राहणारे स्नायूतंतूही कामाला लागतात. आकुंचन पावणारा स्नायू तर इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतो. श्रम थांबल्यानंतरही एक-दोन दिवस तो साखर स्वीकारण्यास अधिक अनुकूल राहतो. एक दिवसाआड का होईना, पण व्यायाम नियमित हवा असे सांगितले जाते, त्यामागील एक कारण हे आहे.

थोड्या वेळाच्या पण जोराच्या श्रमाचे महत्त्व प्रयोगाने दाखवून देण्याचे कार्य जपानमधील इझुमी ताबाता यांनी केले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका गटाने स्थिर सायकलवर दररोज एक तास मध्यम गतीने व्यायाम केला. दुसऱ्या गटाने २० सेकंद अत्यंत जोराने आणि १० सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने केली, म्हणजे मुख्य श्रम अवघ्या चार मिनिटांचे झाले. दोन्ही गटांचा सराव आठवड्यातून पाच दिवस होता. सहा आठवड्यांनंतर प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमता दोन्ही गटांत वाढलेली दिसली. क्षणिक जोर लावण्याची क्षमता मात्र फक्त दुसऱ्या गटात वाढली, आणि तीही २८ टक्क्यांनी. हे सर्व शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते हे विसरता कामा नये. चार मिनिटांचा हा व्यायाम ऐकण्यास जितका सोपा वाटतो, तितका करण्यास नाही.

सामान्य, बैठे जीवन जगणाऱ्या पुरुषांवर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग म्हणूनच अधिक उपयुक्त आहे. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने आठवड्यातून तीन वेळा ४५ मिनिटे मध्यम गतीने सायकल चालविली. दुसऱ्या गटाने दहा मिनिटांच्या सत्रात केवळ तीन वेळा, प्रत्येकी २० सेकंद, सर्व शक्ती लावली. बारा आठवड्यांनंतर हृदय-फुप्फुसांची क्षमता दोन्ही गटांत सुमारे १९ टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही सारखाच सुधारला. प्रयोगातील व्यक्ती मोजक्याच होत्या. तरीही वेळ नाही ही जी सबब सर्वत्र ऐकू येते, तिला या प्रयोगाने समर्पक उत्तर दिले आहे.

यापुढील पाऊल २०२२ मध्ये टाकले गेले. ब्रिटनमधील सुमारे २५ हजार व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या हालचाली मनगटावरील यंत्राने नोंदविण्यात आल्या. दिवसातून तीन-चार वेळा, एक-दोन मिनिटेच, पण दम लागेल इतक्या वेगाने जिना चढणे, ओझे नेणे, झपझप चालणे असे श्रम ज्यांच्या दिनक्रमात सहजच घडत होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण असे श्रम अजिबात न करणाऱ्यांच्या तुलनेत बरेच कमी आढळले. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरी ज्यांच्या घरातून मोट आणि जाते नाहीसे झाले त्यांना त्याचा अर्थ सहज उमगेल. जुन्या श्रमांत पिळवणूक होती, पण त्यात दम लागण्याचे असे प्रसंग दिवसातून कितीतरी वेळा येत. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम सलग दहा मिनिटे असलाच पाहिजे ही पूर्वीची अट काढून टाकली. प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे श्रम करावेत, असे ती संघटना सांगते.

तालमीचा वारसा

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल हे सर्व थोड्या जागेत, थोड्या वेळात आणि भरपूर दम लावून करावयाचे प्रकार आहेत. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून हे शिक्षण तालमीच्या मातीतून सार्वजनिक शाळांच्या मैदानावर आणले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकेही करून दाखविली होती.

सूर्यनमस्कारांना घरोघरी पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांच्याकडे जाते. ते स्वतः नित्यनेमाने नमस्कार घालीत. संस्थानच्या शाळांतून त्यांनी तो व्यायाम सुरू केला आणि १९३८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे तो परदेशातही परिचित झाला. याच राजाने पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, राज्यघटना देऊन गावपंचायतींच्या पायावर प्रजेकडे सत्ता सोपविली, हे आजच्या पंचायत सदस्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सूर्यनमस्काराचा विशेष असा की त्याचा जोर करणाऱ्याच्या हाती असतो. संथपणे घातल्यास तो ताणाचा व्यायाम होतो, आणि वेग वाढविताच दहा-बारा नमस्कारांत दम लागतो.

एखाद्या गावातील शिक्षकाला किंवा बचतगटाला याचा आरंभ करावयाचा असल्यास पुढील पद्धत पुरेशी आहे. प्रथम तीन-चार मिनिटे चालून व सांधे मोकळे करून शरीर उबदार करावे. त्यानंतर २० ते ३० सेकंद झपाट्याने बैठका किंवा नमस्कार घालावेत आणि मिनिटभर सावकाश चालत श्वास स्थिरावू द्यावा. पहिल्या पंधरवड्यात अशी तीनच आवर्तने करावीत, नंतर ती सहापर्यंत न्यावीत. शेवटी पुन्हा काही मिनिटे चालावे. सारा कार्यक्रम पंधरा मिनिटांत आटोपतो आणि आठवड्यातून तीन दिवस तो पुरतो. उरलेल्या दिवशी वेगाने चालणे चालू ठेवावे. गुडघे दुखणाऱ्यांनी बैठकांऐवजी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे-बसावे, किंवा शाळेच्या ओट्याच्या पायऱ्या चढाव्यात. श्रमाचा जोर मोजण्यास यंत्र लागत नाही. श्रम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा तो मध्यम असतो. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा तो जोराचा समजावा.

तथापि चाळिशी ओलांडलेल्या आणि वर्षानुवर्षे बैठे काम केलेल्या मनुष्याने उत्साहाच्या भरात एकदम शंभर बैठका काढणे धोक्याचे आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब व रक्तशर्करा तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत उपकेंद्रावर विनामूल्य होते. आशा कार्यकर्ती त्यासाठी घरोघरी अर्जही भरून घेते. ती तपासणी आधी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर येणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर झालेला परिणाम, यांपैकी काहीही असल्यास जोराचा व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी घसरू शकते, म्हणून त्यांनीही डॉक्टरांना विचारावे. बैठका काढताना श्वास रोखून धरण्याची सवय अनेकांना असते. तिने रक्तदाब चढतो.

धान्याचा दाणा आणि त्याचे कवच

धान्याच्या प्रत्येक दाण्यात तीन भाग असतात. वरचे कवच म्हणजे कोंडा, आत पिठूळ गर, आणि टोकाशी अंकुर. तंतू, लोह, जीवनसत्त्वे यांचा मोठा साठा कोंड्यात व अंकुरात असतो, गरात मुख्यतः पिष्ट असते. तांदूळ पांढराशुभ्र करताना किंवा गव्हाचा मैदा काढताना पहिले दोन भाग निघून जातात. ज्वारी, बाजरी, नाचणी ही धान्ये आपल्याकडे दाण्यासकट दळली जातात, हा त्यांचा मोठा गुण होय. गिरणीतून आणलेले गव्हाचे पीठ मात्र अनेक घरांत बारीक चाळणीने चाळले जाते आणि कोंडा गुरांपुढे जातो. पोळी मऊ व्हावी म्हणून गुरांना अधिक सकस आहार देण्याचा हा प्रकार आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार, १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात आहारतंतू २.८ ग्रॅम असतात, तर ज्वारीत ते सुमारे १० आणि बाजरीत ११ ग्रॅमहून अधिक असतात. लोहाचे प्रमाण तांदळात ०.६५, ज्वारीत सुमारे ४ आणि बाजरीत ६.४ मिलिग्रॅम आढळते. नाचणीतील चुना, म्हणजे कॅल्शियम, ३६४ मिलिग्रॅम आहे. तांदळात ते आठ मिलिग्रॅमही भरत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहरक्ताची कमतरता आढळली. या पार्श्वभूमीवर बाजरीचा आकडा नुसता कोष्टकात राहू नये.

या संदर्भात राज्यातच झालेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषि विद्यापीठ आणि हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था इक्रिसॅट यांच्या सहकार्याने विकसित झालेले अधिक लोहाचे बाजरीचे 'धनशक्ती' हे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना लोहयुक्त किंवा साध्या बाजरीची भाकरी दिवसातून दोन वेळा देऊन त्यांच्या रक्ताची तपासणी करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोहयुक्त बाजरी खाणाऱ्यांच्या शरीरातील लोहाचा साठा चार महिन्यांतच लक्षणीय वाढला. गोळी नव्हे, औषध नव्हे, रोजची भाकरी, आणि तरीही रक्तात फरक. वसतिगृहे व आश्रमशाळा चालविणाऱ्या अधिकाऱ्यांनी या प्रयोगाकडे अवश्य लक्ष द्यावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भरडधान्याचा गौरव सध्या इतका होऊ लागला आहे की भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, अशी समजूत पसरत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून तर शहरांतील दुकानांत ज्वारीची बिस्किटेही मिळू लागली. बिस्किटातील साखर व तूप धान्याच्या नावाने कमी होत नाही. मधुमेहविषयक पाहणीच्या पथकाने २०२५ मध्ये आहारासंबंधी जे निष्कर्ष मांडले, तेही सावध करणारे आहेत. भारतीयांना मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. ही एकूण मात्रा कमी न करता केवळ तांदूळ-मैद्याच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्यास मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. पिष्टाचा थोडा भाग डाळी किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांनी बदलला, तेव्हा मात्र तो कमी दिसला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांनुसारही धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणून तीन भाकऱ्या खाणाऱ्याने दोनवर यावे आणि तिसरीच्या जागी वाटीभर घट्ट वरण, मटकीची उसळ किंवा पिठले घ्यावे.

पारंपरिक स्वयंपाकातील काही रीती या दृष्टीने शास्त्रशुद्ध आहेत. नाचणीला मोड आणल्याने, किंवा पीठ आंबवून आंबील केल्याने, लोह-चुना यांना अडवून ठेवणारे घटक कमी होतात. भाकरीबरोबर लिंबाची फोड किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा असला की त्यांतील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास याच्या नेमके उलट घडते. शेतावर भाकरी सोडताच किटलीतला चहा वाटण्याची पद्धत तासभर पुढे ढकलली, तरी पुष्कळ साधेल.

अडचणी कोठे आहेत

हे सर्व माहीत असूनही भाकरी मागे का पडली, याचा विचार शासकीय यंत्रणेने मोकळेपणाने केला पाहिजे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये मिळणारे धान्य बहुतांशी तांदूळ व गहू हेच असते, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. फुकट मिळणारा तांदूळ सोडून बाजारातून ज्वारी विकत घेणे मजुरी करणाऱ्या कुटुंबाला परवडत नाही. शेतकऱ्याची अडचण निराळी. ज्वारीच्या कणसांवर पाखरे बसतात, राखण करावी लागते, काढणीला माणसे मिळत नाहीत. सोयाबीन यंत्राने निघते आणि हाती रोख पैसा देते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी अनेक शेतकरी ती आजही दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात. हमीभावाने भरडधान्याची खरेदी करून ते त्याच जिल्ह्यातील रास्त भाव दुकानांतून आणि वसतिगृहांतून वापरले गेले, तर दोन्ही टोकांच्या अडचणी एकदम हलक्या होतील.

तिसरी अडचण प्रतिष्ठेची आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मुलांनी पोळी-भात हे सुस्थितीचे लक्षण मानले यात नवल नाही. पाहुण्यांपुढे भाकरी वाढण्याचा संकोच अजूनही पुरता गेलेला नाही.

व्यायामाच्या बाबतीत अनेक ग्रामपंचायतींनी खुल्या व्यायामशाळेची लोखंडी साधने बसविली आहेत. त्यांतील बरीच सकाळी दवाने आणि दुपारी उन्हाने गंजत उभी असतात, कारण ती कशी वापरावीत हे सांगणारे कोणी नसते. शिवाय अशा जागी स्त्रिया क्वचितच जातात. २०२२ साली भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांना आणि ४२ टक्के पुरुषांना पुरेशा हालचाली घडत नव्हत्या, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. स्त्रिया घरात दिवसभर राबतात हे खरेच आहे, परंतु त्या राबण्यात दम लागण्याचे क्षण थोडे आणि उभे राहण्याचे तास फार असतात. शाळा सुटल्यावर एखादा वर्ग आठवड्यातून तीन संध्याकाळी बचतगटासाठी मोकळा ठेवणे हे नव्या साधनांच्या खरेदीपेक्षा स्वस्त आहे. शाळांपुरते बोलावयाचे तर शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या उजळणीसाठी घेण्याची प्रथा मुख्याध्यापकांच्या एका आदेशाने थांबू शकते.

भाकरीकडे पुन्हा वळणाऱ्या घरांसाठी एक व्यावहारिक सूचना मात्र आवश्यक आहे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते आणि मग मुले भाकरी दूर सारतात. दोष धान्याचा नसतो, शिळ्या पिठाचा असतो. म्हणून बाजरी महिन्याची एकदम दळून न आणता आठ दिवसांना पुरेल एवढीच आणावी, आणि पिठाचा डबा उन्हापासून व चुलीपासून दूर, झाकण घट्ट लावून ठेवावा.